डोक्यावरची उघडी तार

वळवाचा पहिला पाऊस झाला कीं वर्तमानपत्रांच्या आंतल्या पानांवर दोन ओळींची एक बातमी हटकून येते. अमुक गांवीं वादळानें तार तुटून शेतांत पडली, पहाटे पाणी द्यावयास गेलेल्या शेतकऱ्याचा पाय तीवर पडला, आणि त्यास सोडवूं गेलेला मुलगाही गेला. वाचक हळहळतो व पान उलटतो. आम्हीही आजवर तेंच करीत आलों, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. विजेच्या धक्क्यानें आपल्या देशांत प्रतिवर्षीं दहा हजारांहून अधिक माणसें मरतात, असें सरकारी अपघात-नोंदीच सांगतात. हे सर्व मृत्यू खांबावरच्या तारेनें होतात असें नव्हे. घरांतील सदोष जोडणीचाही त्यांत वांटा आहे. तथापि तारेनें झालेल्या मृत्यूस दैवाचा कोप म्हणून मोकळें होण्याची जी संवय आम्हां सर्वांस जडली आहे, ती मोडणें अवश्य आहे.

मुळांत ही तार उघडी कां? ज्यांनीं ती योजिली त्यांचा हेतु काटकसरीचा होता, व तो योग्यच होता. तारेभोंवतालची हवा हेंच फुकटचें वेष्टन. उंच मनोऱ्यावरून जाणाऱ्या तारेस दुसरें लागत नाहीं. आरंभीं तार तांब्याची असे. तितकीच वीज नेणारी अॅल्युमिनियमची तार जाडीनें अधिक असली तरी वजनानें सुमारें निम्मी भरते व स्वस्तही पडते. मात्र तिला ताण सोसवत नाहीं. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत पोलादी गाभ्याभोंवतीं अॅल्युमिनियमच्या तारांचा पीळ घालण्याची युक्ति निघाली: भार पोलादानें सोसावा, वीज अॅल्युमिनियमनें न्यावी. या तारांच्या आकारांस इंग्रजी परंपरेंत जनावरांचीं नांवें आहेत व तींच आपल्याकडे रूढ झालीं. ४०० किलोव्होल्टच्या मनोऱ्यावर 'मूस' असतो. त्यांत सात पोलादी तारांभोंवतीं ३.५३ मिलिमीटर जाडीच्या ५४ तारा. खेड्यांतील वस्तीवर मात्र 'स्क्विरल', म्हणजे खार: एका पोलादी तारेभोंवतीं सहा, प्रत्येकीची जाडी अवघी २.११ मिलिमीटर. मधल्या पायऱ्यांवर ससा, कुत्रा, झेब्रा हे आहेतच. खेड्याच्या वांट्यास खार यावी यांत नवल नाहीं; तेथें वीजही तितकीच जाते.

परंतु मनोऱ्यावर जी युक्ति निर्धोक, तीच घराच्या पत्र्यावरून व उसाच्या फडावरून नेली कीं तिचें स्वरूप पालटतें. अॅल्युमिनियम उष्णतेनें पोलादाच्या दुपटीनें प्रसरण पावतें. भार वाढला, ऊन तापलें, त्यांत खांब कलला, कीं तार लोंबूं लागते. शेतावरील उघडी तार जमिनीपासून ४.६ मीटर उंच असावी असा नियम आहे. पण नियम खांबास ताठ उभा करीत नाहीं. वारा सुटला कीं दोन तारा परस्परांस भिडतात, ठिणगी वाळल्या पाचटावर पडते, आणि वर्षाचें पीक घटकेंत राख होतें. याहून भयंकर गोष्ट अशी कीं, ११,००० व्होल्टची तार कोरड्या जमिनीवर पडली तर जमिनींत शिरणारा प्रवाह कित्येकदां इतका अल्प असतो कीं उपकेंद्रांतील संरक्षक यंत्रास तो कळतही नाहीं. तार पडून असते आणि जिवंत असते.

मध्यप्रदेशांत १९९७ च्या ऑगस्टांत एक कामगार रात्रीं सायकलीवरून घरीं परतत असतां पावसाच्या पाण्यांत पडलेल्या अशाच तारेनें मरण पावला. कोणी तरी आकडा टाकून वीज चोरीत होता, त्याची ती तार, आमचा दोष नाहीं, असें विद्युत मंडळाचें म्हणणें. सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं तें मानलें नाहीं. ज्यानें असा घातक पदार्थ हाताळण्याचें काम पत्करलें, त्याचा निष्काळजीपणा सिद्ध होवो वा न होवो, नुकसानभरपाई त्यानें दिलीच पाहिजे, असा तो निर्णय आहे.

भरपाई हा मात्र मृत्यूनंतरचा विचार झाला. मृत्यूपूर्वींचा उपायही तयार आहे. कमी दाबाच्या तारांवर प्लास्टिकजातीचें चिवट वेष्टन चढवून त्या एका आधारतारेभोंवतीं एकत्र पिळलेली केबल युरोपांत फार वर्षांपासून वापरांत आहे. आपल्याकडे तिचें भारतीय मानक १९९५ सालीं ठरलें. तिच्या तारा परस्परांस भिडल्या तरी ठिणगी पडत नाहीं, आणि तीवर आकडाही टाकतां येत नाहीं. हा दुसरा गुण आमच्या व्यवस्थेस पहिल्यापेक्षां अधिक भावला, असें खेदानें म्हणावें लागतें. २०२१ सालीं केंद्र सरकारनें वीजवितरण सुधारण्याची तीन लक्ष कोटींहून मोठी योजना आरंभिली, तींत अशी केबल घालण्याचें काम गळती कमी करण्याच्या सदरांत घातलें. म्हणजे जेथें वीज चोरीस जाते तेथें वेष्टन आधीं. जेथें माणूस जातो तेथें मागाहून!

खर्चाची सबब आम्ही ऐकून आहों. केबल उघड्या तारेहून महाग आहे. तिचे सांधे निष्काळजीपणें केले तर ते जळतात, हेंही खरें. पण याच देशांत मोठ्या मनोऱ्यांवर अधिक वीज नेण्यासाठीं १५० अंशांहून अधिक तापूनही फारशी न लोंबणारी महागडी तार चढविली जाते, तेव्हां ही सबब कोणास सुचत नाहीं. राजस्थान-गुजरातेंतील माळढोक पक्ष्यासाठीं सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं तारा जमिनीखालून नेण्याचा हुकूम केला. २०२४ सालीं तो शिथिल झाला, तरी प्रश्नाचा विचार झाला. त्या पक्ष्याचा आम्हांस हेवा नाहीं; शेतकऱ्याविषयींही तितकाच विचार व्हावा, एवढेंच मागणें आहे.

सर्व तारा एका वर्षांत झांका असें आम्ही म्हणत नाहीं. शाळेचें आवार, पाणवठा, घरांवरून गेलेली तार व उसाचा फड, हा क्रम धरावा. प्रत्येक तालुक्यांत लोंबत्या तारांची व कललेल्या खांबांची यादी पावसाळ्यापूर्वीं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी, आणि कोणती तार कोणत्या तारखेस झांकली तें तिच्यापुढें लिहावें. जेथें तारीख रिकामी राहील तेथील जबाबदार अधिकाऱ्याचें नांवही त्याच फळ्यावर असावें.