कुत्र्याला घ्या आणि निघा
शनिवारी अबॅकस, रविवारी तबला, मधल्या वेळात कुणाची तरी बर्थडे पार्टी. इंग्लंडात वाढणाऱ्या आपल्या पोरांना मोकळा दिवस ठाऊक तरी आहे का हो? समुद्रावर जायचं तर आपण दोन महिने आधी एक्सेल शीट करणार, चार कुटुंबं जमवणार, पुलावाचे डबे मोजणार. आणि मुलांनी हट्टाने आणलेला कुत्रा? तो केनेलमध्ये!

अहो, इथल्या ट्रेनमध्ये एका प्रवाशाला दोन कुत्री फुकट नेता येतात. मे ते सप्टेंबर बऱ्याच किनाऱ्यांवर कुत्र्यांना बंदी असते, तेवढं कौन्सिलच्या वेबसाइटवर बघा. बाकी सकाळी उठून ठरवायचं नि निघायचं. थंडी वाजेल, घरभर वाळू होईल, ओल्या कुत्र्याचा वास चार दिवस जाणार नाही. तबल्याचा क्लास बुडेल. बुडू दे की!