ग्रंथपालांनी नाकारलेली किल्ली

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या मैदानावर ग्रंथांची जी दुकाने लागतात, त्यांना बाजार म्हणणे आम्हांस नेहमीच खटकत आले आहे. चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहून, बोधिसत्त्व बाबासाहेबांना अभिवादन करून माणसे परततात ती थेट त्या मांडवांत शिरतात. विदर्भातून, मराठवाड्यातून रात्रभर गाडीत उभ्याने आलेली एखादी माउली पदराच्या गाठीतील नोट सोडते आणि नातवासाठी पुस्तक घेते. तिला स्वतःला वाचता येत असेलच असे नाही. तिथे तिला कोणी जात विचारत नाही, अनामत मागत नाही, ‘हे तुम्हांला झेपायचे नाही’ असेही कोणी सांगत नाही. आमच्या मते महाराष्ट्रातील सर्वांत मोकळे ग्रंथालय वर्षातून तेवढे दोन-तीन दिवस त्या मैदानावर उभे राहते.

आमच्या निवासी विद्यालयाचे विद्यार्थी दरवर्षी तेथे जातात. ग्रंथपाल सरांनी एक पायंडा पाडला आहे. ग्रंथालयाच्या निधीतून प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या पसंतीचे एक पुस्तक घ्यायचे, आठवडाभर स्वतःजवळ ठेवायचे आणि मग ग्रंथालयात जमा करायचे. शिक्षकांनी अगोदर यादी करून द्यावी, अशी सूचना एकदा आम्हीच केली होती. सरांनी ती ऐकून घेतली आणि यादीचा कागद कोराच परत केला. या स्मरणिकेत आपले नाव छापू नये असा त्यांचा आग्रह आहे, म्हणून आम्ही त्यांना ग्रंथपाल सर असेच म्हणणार आहोत.

गेल्या वर्षी नववीतील एका मुलीने तेथून ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ आणला. मूळ इंग्रजी ग्रंथ १९४६ चा. तो महात्मा फुल्यांना अर्पण केलेला आहे, हे आपण सारे जाणतोच. त्यात जागोजागी मनूचे संदर्भ येतात. मुलीने ते वहीत उतरवले आणि ग्रंथालयात जाऊन विचारले, “सर, मूळ मनुस्मृती आपल्याकडे आहे का? बाबासाहेब म्हणतात तो श्लोक तिथेच आहे का, ते मला बघायचे आहे.” आपल्याकडे ती नव्हती. ग्रंथपाल सरांनी मराठी भाषांतरासह एक प्रत मिळवली, दाखलनोंद केली आणि धर्मशास्त्राच्या फळीवर ठेवली.

पुढे जे झाले त्याचा वाचकांना अंदाज आलाच असेल. पालकसभेत एक गृहस्थ उठले. त्यांच्या वडिलांची हयात लालबागच्या गिरणीत गेली, आणि संस्थेच्या पडत्या काळात त्यांनी खिशातून पैसे दिले आहेत. ते म्हणाले, “गुरुजी, हा ग्रंथ आमच्या आज्या-पणज्यांच्या पाठीवर लिहिलेला आहे. बाबासाहेबांनी ज्याची होळी केली, तो आमच्या लेकरांच्या हातात तुम्ही देता?” सभा स्तब्ध झाली. आमच्यापाशीही उत्तर नव्हते. दुसऱ्या आठवड्यात समितीने ठरवले की असे ग्रंथ वेगळ्या कपाटात कुलूपबंद ठेवावेत आणि शिक्षकांच्या लेखी परवानगीनेच द्यावेत. त्या ठरावावर आमची सही आहे. हे आम्ही लपवू इच्छित नाही.

ग्रंथपाल सरांनी वाद घातला तो थोडक्यात. एस. आर. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांत वाचकाला हवा तो ग्रंथ मिळाला पाहिजे हा एक आहे, आणि ग्रंथालाही वाचणारा मिळाला पाहिजे हा दुसरा. या दोहोंत परवानगीची चिठ्ठी कोठे बसते, एवढेच त्यांनी विचारले. ठराव मंजूर झाल्यावर ते म्हणाले, “कुलूप लावा. पण किल्ली माझ्याकडे देऊ नका.” तेव्हापासून किल्ली आमच्या टेबलाच्या खणात आहे.

खणातील त्या किल्लीने आम्हांस पुन्हा इतिहासाकडे वळवले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे दहन झाले, त्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. ते जन्माने ब्राह्मण होते. ते दहन उघड्यावर, हजारोंच्या साक्षीने आणि कारणे सांगून झाले. तो त्या ग्रंथाच्या अधिकाराला दिलेला नकार होता. कोणी मनुस्मृती वाचू नये, असा आदेश बाबासाहेबांनी कधीही काढला नाही. उलट त्यानंतरही ते मनूचे संदर्भ अध्याय-श्लोकांसह देत राहिले. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी, आणि तेथे केवळ स्वमताची पुस्तके होती असे कोण म्हणेल? विरोधकाचा ग्रंथ त्यांच्या हाताशी असे, म्हणूनच त्यांच्या युक्तिवादाला धार आली. त्या मुलीने विचारले ते हेच होते. बाबासाहेबांवर तिचा अविश्वास नव्हता. त्यांचा संदर्भ ती त्यांच्याच पद्धतीने पडताळून पाहत होती. तथागतांनी कालामांना जे सांगितले ते आपण दर पौर्णिमेला सांगतो. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असा त्याचा आशय आहे. मग मुलगी पडताळू लागली तेव्हा आम्ही कुलूप का शोधले?

दुसरी आठवण आमच्या तारुण्यातील. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला. त्यातील राम व कृष्ण यांच्यावरील प्रकरण वगळा, अशी मागणी झाली, खंडाच्या प्रती जाळल्या गेल्या. १९८८ च्या आरंभी आपली माणसे लाखोंनी मुंबईच्या रस्त्यांवर उतरली. तडजोड झाली ती अशी की प्रकरण राहील, पण त्यातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशी टीप जोडली जाईल. तेव्हा ती टीप आम्हांस अपमान वाटली होती. आता वाटते, ग्रंथ फाडण्यापेक्षा टीप बरी. असहमती नोंदवा, पान ठेवा. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन ग्रंथांची नासधूस झाली, त्या वेळी आमच्या परिचयातील काही जाणत्या माणसांनी मौन पाळले. ज्या पुस्तकावरून तो हल्ला झाला, त्यावरील बंदी अखेर न्यायालयांत टिकली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तसा निर्वाळा दिला. स्वतःच्या ग्रंथासाठी मोर्चा काढणाऱ्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथावेळी गप्प बसावे, हे आम्हांस तेव्हाही पटले नाही. आणि तरीही आम्ही त्या ठरावावर सही केली.

येथे एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. शिवाजी पार्कपासून फार दूर नाही, अशा एका रस्त्याला एस. के. बोले यांचे नाव आहे. रोज हजारो माणसे त्यावरून सिद्धिविनायकाकडे जातात. भीमराव मॅट्रिक झाले तेव्हाच्या अभिनंदनसभेचे अध्यक्ष हेच रावबहादूर बोले. त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात दिले. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दिलेले एक पुस्तक, आणि त्याचा शेवट १९५६ च्या नागपुरात! पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोल्यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. ती यादी पुन्हा वाचावी. तीत वाचनालय नाही. सरकारी पैशाने चालणारी वाचनालये तेव्हा मोजकीच होती, म्हणून ते राहिले असावे असा आमचा तर्क आहे. पण पुढच्याच वर्षी, २० जुलै १९२४ रोजी, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली, आणि तिच्या उद्दिष्टांत विद्यार्थी वसतिगृह व वाचनालय शेजारी-शेजारी आले. आपल्यासारख्या निवासी विद्यालयाचे मूळ त्या ओळीत आहे. मुलांना छप्पर देऊन ग्रंथावर कुलूप घालणे म्हणजे त्या ओळीचा अर्धा भाग खोडणे होय.

मोकळेपणाची दुसरी बाजू ग्रंथपाल सर न बोलता सांभाळतात. पाड्यावरून आलेली, पुस्तकी मराठी जड जाणारी मुले पहिले काही महिने ग्रंथालयाच्या दारातच घुटमळतात. सर त्यांना हाक मारून पुस्तके फळीवर लावायला सांगतात. लावता लावता मूल एखादे उघडते. हरवलेल्या पुस्तकाचा दंड त्यांनी केव्हाच बंद केला. हिशेब तपासनीसाने त्यावर शेरा मारला. तो त्यांनी जपून ठेवला आहे. गावोगावच्या वाचनालयांत वर्गणी आणि अनामत मागितली जाते, आणि ज्याच्या घरी ती देण्याची ऐपत नाही, त्याला फलकावर ‘सर्वांसाठी खुले’ लिहिलेले असूनही परत फिरावे लागते. आमच्या मुलांनी ते अनुभवले आहे.

त्या पालकांचे दुःख खोटे नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलाला असा ग्रंथ एकट्याने वाचायला सोडावे, असेही आमचे म्हणणे नाही. मनुस्मृतीच्या शेजारच्या फळीवर बाबासाहेबांचे खंड असावेत, फुले असावेत. हवे तर मुखपृष्ठाच्या आत आपली टीप डकवावी आणि ती नववी-दहावीच्या मुलांनीच लिहावी. इतिहासाच्या तासाला आम्ही त्यावर चर्चा घेऊ. त्या पालकांनीही यावे, अशी विनंती आम्ही त्यांच्या घरी जाऊन केली. त्यांनी चहा दिला, होकार दिला नाही. नकारही दिला नाही.

ठराव मागे घेण्याचा मसुदा आम्ही अध्यक्षांकडे दिला आहे. पुस्तक निवडण्याचा व फळीवर ठेवण्याचा अधिकार ग्रंथपालांचा राहील, हरकत असल्यास ती लेखी घ्यावी आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक फळीवरच असावे, असे त्यात आहे. बैठकीची तारीख अद्याप ठरलेली नाही. ती मुलगी यंदा दहावीत आहे. मार्चमध्ये परीक्षा देऊन ती येथून जाईल. बैठक त्याआधी घ्यावी, एवढी आमची विनंती आहे.