रक्षकच उलटतात तेव्हा



लहान मुलास मधुमेह झाला की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘एवढ्याशा पोराने असे गोड तरी काय खाल्ले?’ दुसरा प्रश्न कोणी बोलत नाही; सारे आईकडे पाहतात. मुलांना बहुधा जडणारा हा मधुमेह, ज्यास डॉक्टर ‘टाइप १’ म्हणतात, गोड खाल्ल्याने होत नाही. मुलाच्या रक्तातील रक्षक पेशीच त्याच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा संहार करतात. त्यात आईचा काय दोष?

ह्या रक्षकांस टी-पेशी म्हणतात. त्यांची घडण छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत होते. ज्या पेशी स्वतःच्याच शरीरास शत्रू समजतात, त्यांपैकी पुष्कळ तेथेच नष्ट केल्या जातात. परंतु काही निसटतात. मग निरोगी माणसात त्या उत्पात का करीत नाहीत?

जपानी संशोधक शिमोन साकागुची ह्यांना एका जुन्या प्रयोगाने कोड्यात टाकले होते. उंदराच्या पिलाची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर रक्षक कमी पडून शरीर दुबळे व्हावे, अशी अपेक्षा, घडे उलटेच. उरलेले रक्षक बेफाम होऊन शरीरावरच तुटून पडत. निरोगी उंदराच्या टी-पेशी दिल्या, की हा अनर्थ टळे. म्हणजे टी-पेशींतच इतरांस आवरणारे कोणी असले पाहिजेत! त्या काळी बहुतेक विद्वानांनी ही कल्पना मोडीत काढली होती. साकागुचींनी ती सोडली नाही, आणि १९९५ साली अशा नियामक पेशी दाखवून दिल्या.

पुढे २००१ साली अमेरिकेत मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल ह्यांना खवलेदार कातडीच्या, अल्पायुषी उंदरांत एका जनुकाचा बिघाड सापडला. त्याचे नाव फॉक्सपी-३. हेच जनुक बिघडले, तर मुलग्यांना तान्हेपणीच एक भयंकर, पण सुदैवाने अतिविरळ रोग होतो. नियामक पेशींची घडण ह्याच जनुकावर अवलंबून असते, हे २००३ पर्यंत सिद्ध झाले. ह्या तिघांस २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडील मुलांच्या मधुमेहात बिघाड इतका सरळ नसतो. अनेक जनुके आणि बाहेरील कारणे एकत्र येतात. नियामक पेशी वाढवून रोग आवरण्याचे प्रयोग चालू आहेत, पण आजचा आधार इन्सुलिनचाच. १९२२ साली टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलास ते प्रथम टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले जगत नसत. म्हणून कोणाच्या पुडीवर विसंबून ते थांबवू नका. नवस बोललात, तरी सुई चालू राहू द्या. आणि मूल सारखे पाणी मागू लागले, रात्री वारंवार लघवीस उठू लागले, खाऊनपिऊन रोडावू लागले, तर त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन रक्तातील साखर तपासून घ्या.