मांडे आणि त्यांचे खापर

छत्रपती संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की खानदेश लागतो. तिकडून व्यापारानिमित्त शहरात स्थिरावलेल्या घरांत मोठ्या कार्याच्या वेळी मांड्यांची आठवण निघते. बहुधा आठवणच निघते. गहू, डाळ, गूळ सारे घरात असते, पण खापर नसते.

मांडा हा प्रकार जुना. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मंडक’ या नावाने त्याची कृती येते. खानदेशी रीतीत सपिटाची कणीक पाणी लावून लावून सैल होईपर्यंत तिंबतात. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर, थेट कोपरापर्यंत झेलत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. खापर फुगीर असल्याने एवढी मोठी पोळी त्याच्या गोलाईवर न फाटता बसते. सपाट तव्यावर ती मावतही नाही. सोबत दूध घ्यायचे तर द्विदलाच्या विचाराने ते तापवलेलेच हवे. बेळगावचे मांडे निराळे. त्यांत पिठीसाखर असते आणि भाजताच घडी घालतात.

मुक्ताबाईंच्या मांड्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यांना अडवण्यासाठी विसोबांनी पीठ रोखले नाही की गूळ रोखला नाही. कुंभारांनी खापर देऊ नये एवढेच बजावले. व्यापारी वाचकाला त्यातली मेख लगेच उमगेल. अखेर ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवली, तेव्हा मांडे भाजले गेले.

इटलीतील रोमान्या भागातही अशीच एक पोळी आहे, पियादीना. बिनखमिराची, पातळ, ‘तेस्तो’ नावाच्या मातीच्या तव्यावर भाजलेली. १३७१ च्या एका लेखात तिचा उल्लेख सापडतो. २०१४ मध्ये तिला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र तिच्या कणकेत डुकराची चरबी घालण्याची जुनी रीत आहे. मानांकनाच्या नियमांत ऑलिव्ह तेलही चालते, म्हणून तिकडे प्रवासास जाणाऱ्या कुटुंबांनी आधी विचारावे, मगच हात लावावा. तेथेही तेस्तोची जागा आता बहुतेक ठिकाणी लोखंडी तव्याने घेतली आहे.

शहरातील बचत गटांच्या मेळ्यांत खापरावरची पोळी दिसली की गर्दी जमते. पोळीचा दर सारेच विचारतात; खापर कोणत्या कुंभाराचे, हे क्वचितच कोणी.