दोन तासांचा हिशेब

मैत्रिणींनो, या आठवड्यात सदराची सगळी जागा एकाच पत्राला देते आहे. पत्र सातारा जिल्ह्यातून आलं आहे. लिहिणाऱ्या भगिनीचं वय त्रेचाळीस, घरी यजमान, कॉलेजात जाणारा मुलगा आणि सासूबाई. गेल्या वर्षी या बाईंनी ट्रायथलॉनमध्ये भाग घेतला. ज्यांनी हा शब्द ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आधी पोहायचं, पाण्यातून निघून सायकल चालवायची आणि सायकल ठेवली की धावायचं. मध्ये थांबलात तरी घड्याळ थांबत नाही. यांची शर्यत लहान पल्ल्याची होती: ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे.

शर्यत एका तलावात होती. शंभर-दीडशे मीटर गेल्यावर त्यांना दम लागला, हातपाय गळाले आणि बचावाच्या नावेने त्यांना काठावर आणलं. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “झाली ना हौस? आता पुरे.” यजमान काही बोलले नाहीत, आणि पत्रावरून दिसतं की तेच जास्त लागलं. आता दहा आठवड्यांनी पुन्हा तीच शर्यत आहे. बाई लिहितात, “मला दोन तासांच्या आत पुरी करून दाखवायची आहे. होईल ना?”

ताई, स्पष्ट सांगते. शर्यत पुरी होईल. दोन तासांत होणार नाही, आणि दोन तासांचा हट्ट धरलात तर कदाचित पुरीही होणार नाही.

तुम्ही पत्रात सरावाच्या वेळा दिल्या, हे फार चांगलं केलंत. टँकमध्ये ७५० मीटर २४ मिनिटांत. सपाट रस्त्यावर पहाटे २० किलोमीटर सायकल ५८ मिनिटांत. धावणे ५ किलोमीटर ३८ मिनिटांत. मी बेरीज करून पाहिली. बरोबर १२० मिनिटे! म्हणजे तुमचे दोन तास कुठून आले ते कळलं. तीन वेगवेगळ्या दिवशी, ताज्या अंगाने केलेल्या सर्वांत चांगल्या तीन वेळा तुम्ही एका रांगेत मांडल्या. महिन्याच्या खर्चाचा अंदाज करताना आपण ज्या महिन्यात पाहुणे आले नाहीत, कुणी आजारी पडलं नाही, तोच महिना धरतो का?

आता खरा हिशेब करू. २५ मीटरच्या टँकमध्ये ७५० मीटर म्हणजे तीस फेऱ्या. प्रत्येक फेरीच्या शेवटी भिंतीला पाय लावून जो जोर मिळतो तो तलावात मिळत नाही. तळाशी रेघ नसते, त्यामुळे माणूस वाकडातिकडा जातो आणि अंतर वाढतं. २८ मिनिटे धरा. मग पाण्यातून बाहेर येऊन सायकलपर्यंत चालत जायचं, पाय पुसायचे, बूट-मोजे चढवायचे, हेल्मेट घालायचं. याला ट्रान्झिशन म्हणतात आणि नवख्या माणसाची यात सहा मिनिटे सहज जातात. (हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हे विसरू नका. दंड होतो.) पोहून आल्यावरची सायकल ६२ मिनिटे. सायकल ठेवून धावायला निघेपर्यंत तीन मिनिटे. आणि सायकलवरून उतरल्यावर पाय कसे होतात ते ज्यांनी अनुभवलं त्यांनाच माहीत, आपले नसून कुणीतरी उसने दिल्यासारखे! तेव्हा धावण्याला ४३ मिनिटे. बेरीज १४२, म्हणजे दोन तास बावीस मिनिटे. ऊन तापलं, टायर पंक्चर झालं तर आणखी. म्हणून कागदावर ‘अडीच तास’ लिहा. दोन तास वीस झाले तर आनंदच आहे.

पण ताई, मिनिटांपेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा आहे, आणि पत्रात त्याला तुम्ही दोनच ओळी दिल्या आहेत. तुम्हाला पोहता येत नाही असं मुळीच नाही. लहानपणी विहिरीत भोपळा बांधून शिकलेल्या माणसाला पाण्याचं भय कमीच असतं. घडलं ते असं असावं. सगळे एकदम पाण्यात उतरले, कुणाचा हात लागला, कुणाचा पाय लागला, तुम्ही बाकीच्यांच्या वेगाने निघालात आणि श्वास कोंडला. अशा वेळी वाटतं की श्वास घेता येत नाही. खरं तर आधीचा श्वास पुरता सोडलेलाच नसतो, मग नवा आत जायला जागा कुठे राहणार? म्हणून टँकमध्ये पहिली पाच मिनिटे एकच काम करा. तोंड पाण्यात असताना नाका-तोंडाने सावकाश, बुडबुडे काढत पूर्ण श्वास सोडा. पाठीवर तरंगून विसावा घेण्याचाही सराव करा. आठ-दहा हात मारले की मान किंचित उचलून पुढची खूण बघायची सवय लावा.

शर्यतीच्या दिवशी मागे, एका कडेला उभ्या राहा. पुढच्यांना जाऊ द्या, अर्धं मिनिट गेलं तर गेलं. छातीवर पोहायला, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकला, मनाई नसते. आणि पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट: नाव धरून दम खाल्ला म्हणून सहसा कुणी बाद करत नाही. नावेने तुम्हाला पुढे ओढून नेलं तर मात्र चालत नाही. तुमच्या शर्यतीचा नियम आधी विचारून ठेवा. प्रत्येक टप्प्याला शेवटची वेळ ठरवलेली असते, तीही माहितीपत्रकात बघा.

टँकच्या लेडीज बॅचला पूर्ण अंगाचा पोशाख चालतो की नाही ही तुमची शंका त्या टँकवरच विचारावी लागेल. शर्यतीत मात्र अंगाला घट्ट बसणारा, तिन्ही गोष्टींना चालेल असा एकच पोशाख ठेवा, आणि तो सरावातही वापरा. आणि तलावात सरावाला जाल तेव्हा एकटीने कधीही जाऊ नका. पट्टीचा पोहणारा सोबतीला, कमरेला रंगीत फुगा, आणि काठावर एक शुद्धीतला माणूस, एवढं हवंच.

आता आठवडा. तुमचं घर सकाळच्या डब्यावर चालतं, सात वाजता पोळ्या तयार हव्यात. म्हणजे साडेपाच ते पावणेसात हा तुमचा वेळ, आणि रविवारची सकाळ. सगळं धरून पाच-साडेपाच तास. ते पुरेसे आहेत. सोमवारी विश्रांती. दोन दिवस पोहणे, एक दिवस सायकल, दोन दिवस धावणे, आणि रविवारी दीड तास सायकल करून उतरल्या उतरल्या पंधरा मिनिटे धावणे. ही रविवारची जोडी चुकवू नका, त्या उसन्या पायांची ओळख तिथेच होते. बहुतेक सराव शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगाने करायचा. दर आठवड्याला थोडंसंच वाढवायचं, चौथ्या आठवड्यात हात आखडता घ्यायचा. शेवटच्या आठवड्यात तर निम्म्यावर आणा. घरी कुणाचं दुखलंखुपलं आणि एखादा दिवस कापावा लागला, तर धावण्याचा कापा, पोहण्याचा नको. आणि बुडलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायचा मोह आवरा. गुडघे तिथेच बिघडतात.

एक दिवस तरी पोळ्या यजमानांनी किंवा चिरंजिवांनी लाटाव्यात, असं माझं मत आहे. नकाशा आला तरी डबा भरतो.

सुरुवात करण्यापूर्वी रक्त तपासून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असताना सराव वाढवला तर दम लागतो आणि आपण दोष स्वतःच्या आळसाला देतो. वय चाळिशीच्या पुढे आहे, तेव्हा डॉक्टरांना हृदयाचीही तपासणी करू द्या. छातीत दुखलं, चक्कर आली तर त्या क्षणी थांबायचं. पाळीच्या दिवसांत बरं वाटत असेल तर सराव चालू ठेवायला हरकत नाही, नसेल तर हलका करा. शर्यतीची तारीख त्यावर आली तर वेळेचा आग्रह सोडा.

वजन उतरवण्यासाठी या दहा आठवड्यांत उपास-तापास नकोत. भाकरी, डाळ, उसळ, दही, अंडी चालत असतील तर तीही, पोटभर खा. शर्यतीच्या सकाळी दोन-अडीच तास आधी कमी तेलाचे पोहे आणि एक केळं. सायकलवर लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी तहानेप्रमाणे घोट घोट. नुसतं पाणी बळेबळे ढोसू नका, तेही बाधतं. नवीन पदार्थ, नवीन बूट त्या दिवशी काढायचे नाहीत.

तुमच्या मुलाने तुम्हाला एका परदेशी खेळाडूची चित्रफीत दाखवली आणि म्हणाला, “आई, अशी जिद्द पाहिजे.” ती जूली मॉस. फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईच्या आयर्नमन शर्यतीत ती पहिली होती, अगदी शेवटाजवळ कोसळली आणि रांगत रेघेपर्यंत गेली. २९ सेकंदांनी दुसरी आली. बघून माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण ताई, ते अनुकरण करण्याजोगं नाही. ती कॉलेजातली तरुण मुलगी होती. तुम्हाला शर्यतीनंतर घरी येऊन कुकर लावायचा आहे. त्यापेक्षा मला १९७९ ची लिन लेमेअर आठवते. त्या वर्षीच्या आयर्नमनमध्ये ती एकटीच बाई होती आणि सगळ्या पुरुषांत पाचवी आली.

मुलाची दुसरी सूचना, की पुढच्या वर्षी थेट गोवा. गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ मध्ये पहिल्यांदा झालेली शर्यत म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. तिला आठवड्याचे आठ-दहा तास तरी लागतील, तेही कित्येक महिने. ते तास तुमच्या घरात आज नाहीत. उद्या असतील. मधली पायरी ऑलिंपिकच्या अंतराची आहे: दीड किलोमीटर, ४० आणि १०. आधी यंदाचा तलाव, मग ती, गोव्याचं त्यानंतर बघू.

राहिला प्रश्न ‘करून दाखवायचा’. कुणाला? सासूबाईंना दोन तास आणि अडीच तास यांतला फरक कळणार नाही, आणि कळण्याचं कारणही नाही. त्यांनी गेल्या वर्षी सुनेला नावेतून आणताना पाहिलं आणि त्या घाबरल्या, असं मला त्या वाक्यातून ऐकू येतं. त्यांना एकदा टँकवर घेऊन जा. पाठीवर तरंगून दाखवा. आणि शर्यतीच्या दिवशी तलावाच्या काठावर सावलीत खुर्ची टाकून त्यांना बसवा, हातात तुमचा टॉवेल द्या. यजमानांना घड्याळ देऊ नका, लिंबाचं पाणी द्या.

शर्यत झाली की कळवा. वेळ शेवटी लिहा, पाण्याबद्दल आधी लिहा.

पुढील आठवड्यात टाचदुखीविषयी आलेल्या पत्रांना उत्तरे देईन.