कोठार भरलेले, रक्त उपाशी

रक्त कमी म्हणजे लोह कमी, आणि लोह कमी म्हणजे आहार निकृष्ट, हे समीकरण आपल्याकडे वज्रलेप होऊन बसले आहे. त्याला आधार नाही असे नव्हे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. 1970 मध्ये सुरू झालेल्या लोहगोळ्यांच्या सरकारी कार्यक्रमाची गरज त्यामुळे वादातीत ठरते. पण याच समीकरणाने आमवाताच्या रोग्यांवर मात्र अन्याय होत आला आहे.

शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते. नव्या तांबड्या पेशींसाठी रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लागते. अन्नातून मिळते जेमतेम एक-दोन. उरलेले सारे सुमारे 120 दिवसांचे आयुष्य संपलेल्या जुन्या पेशींतून, मुख्यतः प्लीहा व यकृतातील भक्षक पेशींकडून परत मिळते. म्हणजे हा संसार मिळकतीपेक्षा काटकसरीवर चालणारा! या कोठाराच्या दाराची किल्ली यकृतात तयार होणाऱ्या हेप्सिडिन या संप्रेरकाकडे असते, हे या शतकाच्या आरंभी उमगले. हेप्सिडिन वाढले की पेशींतून लोह बाहेर सोडणारे दार बंद होते. आतड्यातलेही आणि भक्षक पेशींचेही.

जंतूंनाही लोह लागते. तेव्हा दाह सुरू होताच ते दडवून ठेवणे हा शरीराचा शहाणपणाच होय. ताप उतरला की दारे उघडतात. आमवातात शरीराचा कोप स्वतःच्याच सांध्यांवर असतो. शत्रू बाहेरचा नसल्याने वेढा उठतच नाही. दाहाचे संदेश यकृताला पोचत राहतात, हेप्सिडिन चढते राहते, आणि कोठारात लोह असूनही रक्त उपाशी राहते. अशा रोगिणीने महिनोन्‌महिने गोळ्या गिळल्या तरी त्यांतले फारसे रक्तापर्यंत पोचत नाही. मळमळ आणि बद्धकोष्ठ तेवढे पदरी पडते. वर घरचे आणि कधी डॉक्टरही ऐकवतात : पालेभाजी खात नाहीस, गूळ-शेंगदाणे खात जा!

याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून नकळत रक्त झिरपते, पाळीतून जाते ते वेगळेच. त्यामुळे याच रोगिणीला खरी लोहतूटही असू शकते. साठ्याचा अंदाज देणारे फेरिटिन मात्र दाहाने फुगते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये निरोगी प्रौढासाठी लिटरमागे 15 मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगताना, दाह असल्यास 70 च्या खालचा आकडाही तुटीचा मानावा असे सुचवले. पन्नास फेरिटिनच्या बाईला प्रयोगशाळेच्या छापील कागदावर "ठीक" ठरवून परत पाठवणे, हा त्या कागदावरचा आंधळा विश्वास झाला.

लोहगोळ्यांचा कार्यक्रम आवरता घ्यावा, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो महिना-दोन महिने गोळ्या घेऊनही ज्यांचे हिमोग्लोबिन हलत नाही, त्यांचा. त्यांना पुन्हा तीच पुडी देण्याआधी सांधे सकाळी आखडतात काय, हे विचारायला पैसा लागत नाही. दाह दाखवणारी सी.आर.पी. चाचणी आणि फेरिटिन एकत्र करण्याची सोय जिल्हा रुग्णालयात तरी असलीच पाहिजे. दाह आटोक्यात आणणारे औषध वेळेवर मिळाले तर पुष्कळदा हिमोग्लोबिनही त्यामागोमाग चढू लागते, आणि त्यासाठी संधिवाततज्ज्ञाकडे जाणारी चिठ्ठी तालुक्यातूनच निघायला हवी.