विश्लेषण : फवारणीचं विष शरीरात नेमकं कुठे अडकतं? संगणक कसा घेतो त्याचा माग?

वाशिम जिल्ह्यातलं आसेगाव असो की आजूबाजूची गावं, सोयाबीन, तूर, कपाशीच्या या पट्ट्यात पावसाळा म्हणजे फवारणीचे दिवस. शेजारच्याच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. पण विषबाधेत शरीरात नेमकं काय होतं?

दोन नॅनोमीटरचा बोगदा

मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचवणारं एक रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. काम झालं की ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे प्रथिन त्याचे तुकडे करतं. हे काम चालतं प्रथिनातल्या सुमारे दोन नॅनोमीटर खोल, अरुंद बोगद्याच्या तळाशी. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकी तिथेच चिकटून बसतात. मग निरोप थांबतच नाही. लाळ गळते, स्नायू थरथरतात, श्वास अडतो.

संगणकाचा काय संबंध?

या प्रथिनाची रचना १९९१ मध्ये समोर आली. पण तो झाला स्थिर फोटो. प्रत्यक्षात प्रथिन सतत हलतं आणि बोगद्यात पाण्याचे रेणू असतात. ही हालचाल पाहण्यासाठी संगणक प्रत्येक अणूवरचं बल मोजतो, अणू किंचित पुढे सरकवतो आणि पुन्हा मोजतो. असं लाखो वेळा केलं की फोटोचा व्हिडिओ होतो. प्रथिनाचा असा पहिला अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो करणाऱ्या चमूतले मार्टिन कारप्लस २०१३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

१९९४ मध्ये अशाच एका अभ्यासात बोगद्याच्या तळाजवळ क्षणभर एक 'मागचं दार' उघडलेलं दिसलं. त्यातून पाण्याचा रेणू जाऊ शकेल इतकी फट होती. अर्थात, पडद्यावर दिसलेलं प्रयोगशाळेत तपासावंच लागतं.

याचा उपयोग काय?

पॅम नावाने ओळखलं जाणारं प्रॅलिडॉक्झिम हे औषध याच बोगद्यात शिरून विष ओढून काढतं. पण सगळ्याच रुग्णांना त्याचा सारखा फायदा होत नाही. कोणता रेणू आत सहज शिरेल, कुठे अडेल, हे आधी संगणकावर पाहिलं तर नव्या औषधांचा शोध सोपा होतो. त्यासाठी लागणारे महासंगणक महाराष्ट्रातही आहेत. पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' त्यापैकीच एक.

गावासाठी याचा अर्थ

काही कीटकनाशकांची पकड काही तासांतच कायमची होते. त्यानंतर पॅमचा उपयोग उरत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट नसलेल्या कीटकनाशकांवर तर ते चालतच नाही. म्हणून त्रास जाणवताच रुग्णालय गाठणं आणि सोबत कीटकनाशकाचा डबा किंवा लेबल नेणं महत्त्वाचं. नवं औषध यायला वर्षं लागतील, डबा सोबत न्यायला काहीच लागत नाही.